ऐंशीच्या पुढची थरथर

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, असं आबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई शेंगोळे वळत होती. हुलग्याच्या पिठाची एकेक गुंडाळी ताटात पडत होती आणि चुलीवर लसूण घातलेलं पाणी उकळत होतं. आबा दारात चपला काढत म्हणाले, "दत्ता, गाडी हातात नाचतीया रं." आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे पांढरी डिझेल गाडी होती आणि आमचं घर त्या गाडीवर चालायचं. बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत आमचं गाव. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, मुलगी बघायला जायचं असलं, पुण्याला कोर्टात तारीख असली, की माणसं आबांकडे येत. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता. आमच्या गावचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणत, ते सांगायचे, "आबाच्या गाडीत बसून मी परीक्षेचे पेपर तपासलेत. रेघ वाकडी गेली नाही कधी." आबा हे ऐकून खाली बघायचे आणि मिशीत हसायचे. त्या काळात ते हसायचे.

आबांचा एक नियम होता. गाडीत दोष असला तर त्यात माणूस बसवायचं नाही. एका बाजूचा दिवा गेला असला तरी ते भाडं दुसऱ्या ड्रायव्हरकडे पाठवत. त्यामुळे थरथर थांबली नसती तर गाडी अंगणात उभी राहिली असती, आणि गाडी उभी राहिली असती तर आबांनी दिवसभर काय केलं असतं हे मला तेव्हाही सुचत नव्हतं. शेती चुलते बघत. आबांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही येत नाही याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं.

मी तेव्हा बारामतीत मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होतो. मला आकड्यांचा नाद होता, तो आजही आहे. आज मी चौपन्न वर्षांचा आहे, घरात पाण्याची टाकी किती दिवसांनी भरली हेसुद्धा कॅलेंडरवर लिहितो आणि मुली त्यावरून हसतात. तर मी आबांना म्हणालो, नुसतं नाचतीया म्हणून चालणार नाही, कधी नाचते, किती नाचते ते लिहायला पाहिजे. गाडीत दोनशे पानांची एक लांबट वही असायची. प्रत्येक फेरीनंतर आबा त्यात तारीख, गाव आणि मीटरचा आकडा लिहीत. चौथीपर्यंत शिकलेले होते, पण आकडे कसे, टपोरे, एकेक वेगळा, जणू पाटीवर काढलेला. पुढून आबांच्या नोंदी होत्या. मी वही उलटी करून मागच्या पानापासून माझा तक्ता सुरू केला.

पन्नासला काही नाही. साठला काही नाही. सत्तरला किंचित. ऐंशीला स्पष्ट. नव्वदला जास्त, आणि शंभरला पुन्हा कमी. गिअर काढून गाडी मोकळी पळवली तरी थरथर तेवढीच, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, म्हणजे ड्रमचा नाही. सीटला काही जाणवत नाही, फक्त हातात, म्हणजे मागची चाकं नाहीत. राहिली पुढची दोन चाकं. हे सगळं मी रात्रीच्या जेवणात एकेक करून सांगितलं. आबा भाकरी कुस्करता कुस्करता थांबले आणि आईला म्हणाले, "बघ, पोरगं डॉक्टर झालंय गाडीचं." आई म्हणाली, "व्हय, माणसांचा झाला असता तर बरं झालं असतं." ती चेष्टेत म्हणाली होती. त्या वाक्याने पुढे मला किती वर्षं झोपू दिलं नाही, ते तिला मी कधी सांगितलं नाही.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला रज्जाकभाई म्हणून चाकांचं काम करणारे एक गृहस्थ होते. चाक यंत्रावर फिरवून ते कुठे जड आहे ते बघायचं आणि समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा ठोकून तोल साधायचा, हे बॅलन्सिंग त्या भागात त्यांनीच आधी आणलेलं. पुढच्या डाव्या चाकाला पंच्याऐंशी ग्रॅम शिसं लागलं. ते म्हणाले, "एवढं कधी लागत न्हाय हो आबा. टायर बदलायचं बघा औंदा." थरथर गेली. आठ दिवसांनी एका वरातीसाठी आबांनी गाडी पाटावर नेऊन घासून धुतली आणि दुसऱ्या दिवशी थरथर परत आली, आधीपेक्षा दुप्पट.

मी दोन दिवस विचार केला. बॅलन्सिंग आणि आज यांच्यामध्ये बदललं काय? फक्त गाडी धुतली. मी जॅक लावला, चाक काढलं, पालथं केलं आणि आतल्या बाजूने बोटं फिरवली. रिमच्या आत काळी, दगडासारखी वाळलेली ढेप बसली होती. गळीत हंगामात कारखान्यातून काळी मळी निघते, ती खत म्हणून शेतात टाकतात. ट्रॉलीतून ती रस्त्यावर सांडत जाते. आबांनी ऊसतोडीच्या वेळी गाडी आमच्या फडाच्या वाटेने नेली होती. ओली मळी चाकात उडाली आणि वाळून घट्ट झाली. रज्जाकभाईंनी त्या मळीसकट चाकाचा तोल साधला होता. गाडी धुताना तिचा अर्धा भाग भिजून निखळला, आता शिसंच जड झालं होतं. आम्ही बाहेरून गाडी आरशासारखी चकचकीत ठेवायचो, चाकाच्या आतल्या बाजूला मात्र कुणी हात घातला नव्हता.

रज्जाकभाईंनी ती ढेप खुरप्याने खरवडून हातात घेतली आणि ओरडले, "आबा, तुमी माझ्याकडं चाक आणलंय का शेत? ह्यात उसाचं दोन डोळ्यांचं एक टिपरू लावलं असतं तर तुरा आला असता एव्हाना!" आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. साफ केलेल्या चाकाला पंधरा ग्रॅम लागले. आम्ही तिथूनच भिगवणला गेलो, हायवेवर डाळजच्या सरळ पट्ट्यावर मी गाडी शंभरपर्यंत नेली. एका बाजूला धरणाचं पाणी पसरलेलं, स्टिअरिंग दोन बोटांत धरलेलं, आणि थरथर शून्य. येताना आबांनी मासळी खाऊ घातली आणि दुकानदाराला, त्याने काही विचारलेलं नसताना सांगितलं, "ह्यानं काढला दोष. मिस्त्रीला सापडला न्हवता." मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी. कागदावरची त्यानंतर मिळाली.

पण तीन आठवड्यांनी आबा म्हणाले, "दत्ता, अजून थोडी हाय रं."

मी गाडी काढून बघितली. शून्य. आबा म्हणाले, तुझ्या वेळी नसेल, माझ्या वेळी असते. मी परत बघितली. शून्य. तरी त्यांच्या समाधानासाठी रज्जाकभाईंकडे नेली. त्यांनी चारही चाकं फिरवली, पुढची मागे केली, स्टिअरिंगचे सांधे हलवून बघितले, चाकाचे बेअरिंग बघितले. सगळं ठीक होतं. महिन्याभरात आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा रज्जाकभाईंनी चहा मागवला. आबांनी कप उचलला आणि टेकवला, परत उचलला, आणि मग "गरम हाय" म्हणून तो तिथेच ठेवून ते गाडीकडे गेले. रज्जाकभाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "गाडीला आता काय बी नाय. माझ्याकडं आणू नको. गाडी सोडून दुसरं बघ." मला राग आला. वाटलं, याला आता आमचा कंटाळा आला.

घरातही काही गोष्टी बदलत होत्या आणि मी त्या बघत होतो. बघत नव्हतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आबा जन्मभर चहा बशीतून प्यायचे. पहाटे त्यांच्या कपबशीचा आवाज आणि मग लांबलचक भुरका, यावर माझा दिवस उजाडायचा. मधेच कधीतरी कपबशी जरा जास्त वाजायला लागली होती आणि मग एकदम वाजायची बंदच झाली. आई त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागली, तोही अर्धा. मी विचारलं, "बशी कुठं गेली?" ती म्हणाली, "फुटली." मांडणीवर सहाच्या सहा बशा होत्या. मी मोजल्या होत्या, आणि मोजून गप्प बसलो होतो. बाहेर निघताना आई आबांच्या सदऱ्याची बटणं लावायला लागली. इतक्या वर्षांनी दोघांचं एवढं प्रेम बघून मला लाजल्यासारखं व्हायचं, मी मान फिरवायचो. आबा हसेनासे झाले होते. मला वाटायचं, गाडीची काळजी आहे.

उन्हाळा लागला तेव्हा आबांनी भाडी नाकारायला सुरुवात केली. कुणी आलं की सांगायचे, "गाडीत दोष हाय. निघाला की येतो." लोक परत जात. दिवसभर ते अंगणात गाडीच्या सावलीत बसून राहायचे. गुरुजींना पुण्याला डोळ्याच्या ऑपरेशनला जायचं होतं आणि त्यांनी हट्ट धरला, गेलो तर आबाच्या गाडीतच. ते आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "अहो आबा, मला नाहीतरी दिसत नाही. तुमची गाडी थरथरली काय अन् उडाली काय, मला सारखंच." आबा हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, रविवारी जायचंय न्हवं? शनिवारपतुर बघतो. दोष निघाला तर मी. न्हाय निघाला तर गाडीच इकून टाकतो. दोष असलेली गाडी दारात ठिवायची न्हाय मला." ते आत गेल्यावर मी त्यांच्यामागे गेलो आणि जे बोललो ते इथे लिहितो, कारण लिहायचं तर सगळं. मी म्हणालो, "आबा, गाडीत काय न्हाय. तुमच्या डोक्यात बसलंय ते. मी आकडे दाखवतो शनिवारी."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. आईने डब्यात भाकरी आणि खर्डा दिला आणि आबांची बटणं लावली. हायवेला लागेपर्यंत आबांनीच चालवली, साठच्या वर न जाता. डाळजच्या पट्ट्यावर मी घेतली. ऐंशी, नव्वद, शंभर. शून्य, शून्य, शून्य. मी आबांना स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक बोट टेकवायला लावलं. "लागतंय का?" ते म्हणाले, "आता न्हाय लागत." मग आम्ही जागा बदलल्या. आबांनी पंचाहत्तर गाठले, ऐंशी गाठले आणि म्हणाले, "ही बघ. आली."

आली होती. मी स्टिअरिंगला खालून बोट लावलं आणि मला ती स्पष्ट जाणवली, बारीक, एकसारखी, हिवाळ्यात मळी सापडायच्या आधी जाणवायची तशी. तीच गाडी, तोच रस्ता, तोच वेग. दोन चाचण्यांत बदललं काय? हा प्रश्न मी त्याच पद्धतीने विचारला, ज्या पद्धतीने मळी सापडली होती, आणि उत्तर येण्याआधी माझं तोंड पुढची पायरी बोलून गेलं. "आबा, रस्ता मोकळा हाय. हात काढा एकदा." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगपासून चार बोटं वर उचलले. गाडी सरळ जात राहिली. माझ्या बोटाखाली स्टिअरिंग दगडासारखं स्थिर होतं. "ठेवा." थरथर आली. "काढा." गेली. एकदा बघून कधी भागवायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी त्यांना तिसऱ्यांदा हात काढायला लावले.

तिसऱ्यांदा त्यांनी हात काढले ते लगेच परत ठेवले नाहीत. ते दोन्ही हात हवेतच धरून त्यांच्याकडे बघत होते. हात थरथरत होते. उजवा जास्त, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत, जसं आपण हातात तंबाखू मळतो तसं. मी स्टिअरिंग धरलं. आबांनी हळूहळू वेग कमी केला, बाजूची दिव्याची खूण दिली, मागे बघितलं, गाडी डांबराच्या खाली घेतली आणि हँडब्रेक ओढला. सगळं नियमाप्रमाणे. मग ते उतरले, गाडीला पुढून वळसा घालून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"सरक," ते म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकलो. ते डाव्या बाजूला बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. माझ्या मांडीवर वही उघडी होती आणि मला, त्या क्षणीसुद्धा, त्यात काहीतरी लिहायचं होतं. आबा म्हणाले, "मंजी गाडीत न्हवता." मी म्हणालो, "पहिल्यांदा होता, आबा. मळी होती ना." ते म्हणाले, "व्हय. पहिल्यांदा हुता." मग म्हणाले, "चल. गुरुजीस्नी सांगाय लागंल, उद्या दत्ता चालवतूया म्हणून."

घरी आल्यावर आईला सांगायची वेळ आली नाही. गाडीतून कोण कुठल्या बाजूने उतरलं ते तिने दारातून बघितलं आणि ती आत गेली. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती नुसती बसली होती, चूल विझलेली. मी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"दिवाळीपास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. त्येंला म्हणलं दवाखान्यात जाऊ. ते बी तयार झालं हुतं. दिवस बी ठरला हुता." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. "तवाच तू ते चाकातलं काढलंस. ते एवढं हसत घरी आलं, म्हणालं, गाडीचंच हुतं गं. तू वही दाखवलीस. मला वाटलं, पोरगं शिकल्यालं हाय. गाडीचंच असंल."

माझं निदान चूक नव्हतं. चूक असतं तर मी कधीच त्यातून बाहेर आलो असतो. ते बरोबर होतं, आकड्यांसकट बरोबर होतं, आणि त्या बरोबर उत्तराच्या आड आबांचे चार महिने गेले. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं आणि पुढे म्हणाले की लवकर आला असता तरी फार फरक पडला नसता. फार म्हणजे किती, हे मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

गुरुजींना मी पुण्याला नेलं. त्यानंतर आबा कधी स्टिअरिंगवर बसले नाहीत. गाडी विकली नाही. दोष नसलेली गाडी विकायचं कारण नव्हतं. शिक्षण सांभाळून मी भाडी करायला लागलो आणि जमेल तेव्हा आबा डाव्या सीटवर येऊन बसायचे, हात मांड्यांखाली. काटा ऐंशीच्या पुढे गेला की विचारायचे, "लागतंय का?" मी म्हणायचो, "न्हाय आबा." ते मान हलवायचे. या एवढ्या संभाषणावर आमची कित्येक वर्षं गेली. नंतर नंतर शब्द उमटेनासे झाले, तेव्हा काटा ऐंशीवर गेला की ते नुसते माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचो, न्हाय.

मात्र एक काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. फेरी संपली की वही मागून घ्यायचे आणि मीटरचा आकडा स्वतः लिहायचे. ती वही माझ्याकडे आहे. हे लिहिण्यासाठी मी ती परत काढली आणि पुढच्या बाजूने, आबांच्या बाजूने, पहिल्यांदा नीट बघितली. दसऱ्याच्या पानावर मीटरचे पाच आकडे आडवी अर्धी ओळ व्यापतात. दिवाळीनंतर ते जरासे आत सरकतात. संक्रांतीला त्यांची उंची ओळीच्या निम्मी आहे. मळी सापडली त्या दिवशीचे आकडे ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत, एकमेकांना चिकटलेले, आणि वहीच्या दुसऱ्या टोकाला त्याच तारखेचा माझा तक्ता आहे: ऐंशी, शून्य, नव्वद, शून्य, शंभर, शून्य. मी ते आकडे रोज वाचत होतो. किलोमीटर काढायला मला ते लागायचे. एकही वाचताना चुकलो नाही. ते किती मोठे लिहिलेत हा मोजायचा आकडा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटची नोंद आबांनी डाळजच्या एका फेरीनंतर केली, ते वारले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. लिहायला त्यांना किती वेळ लागला ते मी बघत होतो, पण घड्याळात बघितलं नाही. तेवढं तरी मी शिकलो होतो. ती ओळ म्हणजे नखाएवढी एक वेडीवाकडी रेघ आहे. तिच्यात एकही आकडा ओळखू येत नाही. आधीच्या नोंदीत त्या दिवसाचे किलोमीटर मिळवले की तिथे काय असायला हवं ते मला तोंडपाठ येतं. शेजारी जागा कोरी आहे आणि पेन वहीतच आहे. मी तो आकडा लिहिलेला नाही.